अंगारकीनंतरचा बुधवार

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कापसाच्या भावावर किंवा अर्थसंकल्पावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? परंतु त्यांची परवानगी घेऊन आज मी कचऱ्यावर बोलणार आहे. शहरातल्या कचऱ्यावर नव्हे. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. शिवारात, रस्त्याच्या कडेला, तळ्याच्या काठी, यात्रेच्या आणि मुक्कामाच्या जागी माणसे जो कचरा टाकून निघून जातात, त्याबद्दल मला बोलायचे आहे. आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला दिसते आहे. शेतकरी कर्जाखाली पिचलेला, तरुण बेकार, आणि हा प्राध्यापक केळीच्या सालींची चिंता करतो आहे, असे त्यांना वाटत असणार. ही शंका रास्त आहे. तिला उत्तर देता येते की नाही, ते शेवटी आपणच ठरवा.

राजूरचा गणपती आपणा सर्वांना ठाऊक आहे. भोकरदन तालुक्यातील हे स्थान गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाते. अंगारकी चतुर्थीला तेथे लाखोंचा समुदाय लोटतो, आणि जालन्याहून जवळपास पंचवीस किलोमीटर पायी चालत जाणाऱ्यांची रांग सोमवारी रात्रीच सुरू होते. त्यांत हमाल असतात, कारखान्यांतले मजूर असतात, कापूस वेचणाऱ्या बाया असतात, महाविद्यालयीन मुले-मुली असतात. वाटेत ठिकठिकाणी मंडळांचे मांडव असतात. साबुदाण्याची खिचडी, केळी, चहा, पाण्याच्या पिशव्या हे सारे फुकट आणि आग्रहाने वाटले जाते. मी स्वतः देवभोळा नाही; परंतु अनोळखी माणसाला मध्यरात्री हाक मारून चहा पाजणारा हा समाज मला मनापासून आवडतो, हे आरंभीच सांगून ठेवतो.

माझ्या धाकट्या भावाचे शेत याच रस्त्याला लागून आहे. एका अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी तेथे गेलो. कापूस फुटू लागलेला होता. बांधाला लागून असलेल्या पहिल्या दहा-बारा ओळींत कापसाइतकेच पांढरे दुसरेही काही दिसत होते. चहाचे कप, चंदेरी मुलाम्याचे द्रोण, फाडलेल्या पाण्याच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या. वाऱ्याने त्यांतले पुष्कळसे झाडांत अडकले होते. माझी भावजय आणि तीन मजूर बाया पोती घेऊन ते वेचीत होत्या. कडेच्या सरीत पाऊल जपून टाकावे लागत होते. त्याचे कारण मी आपणांस सांगण्याची गरज नाही. रात्रभर चालणाऱ्या हजारो माणसांसाठी त्या रस्त्यावर शौचाची पुरेशी सोय नव्हती. मी काहीतरी रागाने बोललो असेन. तेव्हा भावजय म्हणाली, "दादा, मंगळवार देवाचा असतो. बुधवार आमचा."

चौघींचा दुपारपर्यंतचा वेळ गेला. म्हणजे दोन पूर्ण दिवसांची मजुरी. माझ्या भावाने ती बायांना दिली. भावजयीच्या श्रमाचे अर्थातच कोणी काही दिले नाही. अंगारकीच्या उलाढालीचा हिशेब कोणी मांडला तर त्यात केळीवाल्याची विक्री येईल, साबुदाण्याच्या व्यापाऱ्याचा नफा येईल, बसचे उत्पन्न येईल. त्या दोन दिवसांच्या मजुरीची नोंद मात्र कोठेही सापडणार नाही.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रेल्वेच्या इंजिनाचे उदाहरण घेतले आहे. इंजिनातून ठिणग्या उडतात आणि रुळालगतचे रान जळते. गाडीचे भाडे ठरविताना कंपनी कोळशाचा खर्च धरते, मजुरांचा पगार धरते, परंतु जळालेल्या रानाची किंमत धरीत नाही, कारण ती तिला द्यावी लागत नाही. ती रानाच्या मालकाच्या माथी पडते. राजूर रस्त्यावरील पाण्याची पिशवी ही अशीच एक ठिणगी आहे. पिशवी बनविणाऱ्याने तिची किंमत ठरविताना ती रानातून वेचण्याचा खर्च धरलेला नाही. वाटणाऱ्याने धरलेला नाही. पिणाऱ्याला तर ती फुकटच मिळाली. उरली माझी भावजय.

हा खर्च दोन दिवसांच्या मजुरीवर थांबत नाही. वेचताना नजरेतून सुटलेला प्लास्टिकचा तुकडा कापसाबरोबर जिनिंगमध्ये जातो, गठाणीत दाबला जातो आणि पुढे सुतात उतरतो. भारतीय कापसात प्लास्टिकचे तुकडे, केस, गुटख्याची पाकिटे सापडतात, ही गिरण्यांची जुनी तक्रार आहे. त्या तक्रारीचा दंड दर पाडून घेतला जातो, आणि दर पडला की तो सोसणारा शेतकरी असतो. बांधावर चरणारे जनावर खिचडीच्या वासाने पिशवीसकट खाते. ती पिशवी पोटातून पुढे सरकत नाही. तिचे गोळे साचत जातात आणि जनावर खंगून मरते. राहिलेले पहिल्या मोठ्या पावसात नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते.

आता कोणी म्हणेल, समाजवाद्यांना यात्रेकरूंनाच नावे ठेवायची असतात. म्हणून पुढची गोष्ट अधिक जोर देऊन सांगतो. या जिल्ह्याच्या शिवारात सर्वांत अधिक बेपर्वाईने वागणारा माणूस पायी चालणारा यात्रेकरू नाही. तो मोटारीतून येणारा सहलकरी आहे. यात्रेकरूने हातातला कप टाकला तर त्याला निदान विचारता येते की, बाबा, टोपली कोठे होती? बहुतेक ठिकाणी टोपली नसतेच. परंतु ज्याच्या गाडीच्या मागच्या डब्यात भरलेल्या बाटल्या येताना मावल्या, त्याच्या त्याच डब्यात रिकाम्या बाटल्या जाताना मावू नयेत, याला काय म्हणावे? हुरड्याच्या दिवसांत शेतात मैफली बसतात आणि सकाळी बांधावर काचा सापडतात. त्या काचा मैफलीत बसलेल्यांच्या बुटांना लागत नाहीत; निंदणीला येणाऱ्या बाईच्या अनवाणी पायाला आणि बैलाच्या खुराला लागतात.

घाणेवाडीचा तलाव पाहा. निजामाच्या राजवटीत बांधलेल्या या तलावाचे पाणी उताराने, पंपाशिवाय, जालना शहरात येते. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता. त्या काळात तलावाचा तळ उघडा पडला, तेव्हा शहरातील नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या वतीने लोकवर्गणी जमवून गाळ काढला. शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. सरकारची वाट न पाहता झालेले हे काम आपल्या जिल्ह्याला भूषणावह आहे. त्याच तलावाच्या काठी सुट्टीच्या दिवशी जेवणाची पाने, बाटल्या आणि थर्माकोलच्या थाळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. टाकणारे परके नव्हते. ते याच शहरातले होते, घरी जाऊन याच तलावाचे पाणी पिणारे होते. आणि या जलाशयाला नाव कोणाचे आहे? संत गाडगेबाबांचे.

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका मेळाव्याला मी वक्ता होतो. एका खेड्यातील शाळेच्या मैदानावर तो झाला. शोषणावर, श्रमिकांच्या हक्कांवर उत्तम भाषणे झाली. मीही बोललो, टाळ्या घेतल्या आणि गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेतली मुले प्रार्थनेपूर्वी आपले पाण्याचे ग्लास, पत्रके आणि फाटक्या पताका गोळा करीत होती, हे मला नंतर तेथल्या एका शिक्षकाने सांगितले. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. मोठी माणसे येऊन गेली की असे व्हायचेच, असे तो धरून चालला होता. मला आजही त्याची लाज वाटते. विनामोबदला श्रम करून घेण्याविरुद्ध बोलायला आम्ही गेलो होतो आणि मुलांकडून तसेच श्रम करून घेऊन आलो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच चळवळींत आहे. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी मुंबईला गेला. सोमय्या मैदानावर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. दिवसा मोर्चा निघाला असता तर मुलांना केंद्रावर पोहोचता आले नसते. पायांना फोड आलेली ती माणसे मध्यरात्री उठून चालू लागली आणि पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. मुंबईच्या मध्यमवर्गाने त्या शेतकऱ्यांना पाणी दिले, चपला दिल्या, त्यामागे त्यांच्या मागण्यांचा अभ्यास फारसा नव्हता. त्या रात्रीच्या चालण्याने तो वर्ग जिंकला गेला होता. ज्यांचा आपल्याशी संबंध नाही त्यांना आपला त्रास होऊ नये, ही जाणीव म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. तीत राजकीय शक्ती आहे.

आता उपायांकडे वळू. सामायिक जागा घाण का होते, याचे एक प्रसिद्ध उत्तर गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली दिले. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. म्हणून प्रत्येक जण ओरबाडतो आणि शेवटी सारेच नष्ट होते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. या उत्तरातून दोनच मार्ग निघाले. एक तर जागा खाजगी मालकाच्या ताब्यात द्या, नाहीतर सरकारी दंडुका उगारा. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरच्या चराऊ राने, पाटबंधारे, मासेमारीचे किनारे यांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले की, जेथे वापरणारे स्वतः नियम करतात, स्वतः देखरेख करतात आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक समज देतात, तेथे सामायिक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या तालुक्यातील कडवंचीत १९९६ नंतर इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली पाणलोटाचे काम झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या त्या कार्यक्रमाच्या अटी होत्या. नियम कागदावर कोणीही लिहील. गावाने ते पाळले, म्हणून पाणी अडले. आज कडवंची द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखली जाते.

आणि सामायिक जागा कोणाला लागते, हेही ध्यानात घ्या. एन. एस. जोधा यांनी १९८६ साली सात राज्यांतील कोरडवाहू भागातल्या ऐंशीहून अधिक खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील खेडीही त्यात होती. गायरान, पडीक, नाल्याचा काठ अशा जागांतून मिळणारा चारा, सरपण, रानभाजी यांचा हिशेब केला तर गरीब कुटुंबाच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग त्यातून येतो, असे त्यांना आढळले. ज्याच्याकडे स्वतःचे शेत आहे त्याला गायरान घाण झाले तरी चालते. ज्याच्याकडे दोन शेळ्यांखेरीज काही नाही, त्याचे तेच शेत असते. आरंभी ज्यांना हसू आले त्यांना माझे उत्तर हे आहे. कचरा सर्वांच्या नजरेला खुपत असेल, परंतु त्याची किंमत सर्व जण सारखी देत नाहीत.

मग कायदा काय करतो? महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. भाजीवालीच्या पिशव्या जप्त झालेल्या आपण पाहिल्या. कारखान्यातच वस्तूभोवती गुंडाळून येणारे वेष्टन मात्र बंदीतून वगळले गेले. १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकल-वापर वस्तूंवर बंदी आली. चकचकीत पुड्या तिच्याही बाहेर राहिल्या. उत्पादकाने आपले वेष्टन परत गोळा करण्याची व्यवस्था करावी, असे २०१६ चे नियम सांगतात. त्याच नियमांनी खेड्यांतील प्लास्टिकची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. जबाबदारी टाकली, त्यासाठी गाडी, माणूस आणि पैसा कोठून यावा, याचे उत्तर लहान ग्रामपंचायतीला अजून मिळायचे आहे. गुटख्याच्या विक्रीवर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत अमलात आहे हे पाहायचे असेल तर अधिकाऱ्यांचे अहवाल वाचण्यापेक्षा कोणत्याही बसथांब्याची जमीन पाहावी.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो अनामतीचा मार्ग. आपल्या लहानपणी गोटी सोड्याची बाटली रस्त्यावर पडलेली कोणी पाहिली होती काय? ती दुकानदाराला परत द्यावी लागे, कारण बाटलीला किंमत होती. तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात पर्यटक दारूच्या बाटल्या जंगलात फेकीत आणि हत्तींच्या पायांना इजा होई. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर मे २०२२ पासून तेथील सरकारी दुकानांतून बाटलीमागे दहा रुपये जादा घेतले जाऊ लागले आणि रिकामी बाटली आणून देणाऱ्याला ते परत मिळू लागले. बहुसंख्य बाटल्या परत आल्या. माणसे एकाएकी सुसंस्कृत झाली असे नाही. फेकण्याला किंमत पडू लागली. आपल्या राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेतही पाण्याच्या बाटल्यांवर परतीची किंमत छापण्याची तरतूद होती. जालन्याच्या एखाद्या दुकानात रिकामी बाटली देऊन पैसे परत मिळाल्याचा अनुभव मला तरी नाही. ही मागणी आपण मोर्चात का मांडू नये?

परंतु कायदा आणि अनामत यांच्याही मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या देशापुरती विशेष आहे. येथे टाकणारा बिनदिक्कत टाकतो, कारण उचलणारा कोणीतरी जन्मालाच आलेला आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. झाडू कोणाच्या हातात असावा हे आपल्या समाजाने जातीने ठरवून टाकले. गाडगेबाबांनी तोच झाडू स्वतःच्या हाती घेतला. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा क्रम त्यांनी १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालविला. अप्पा पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागितले. ते उच्चवर्णीयाला देता येत नाही म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. पुढे सेवा दलाच्या शिबिरांत सकाळची सफाई पाळीपाळीने करण्याची रीत रुजली, तिच्यामागे हाच विचार होता. मी विद्यार्थी असताना अशा एका शिबिरात गेलो होतो. तेथे संडास धुण्याची पाळी पहिल्या दिवशी माझ्यावर आली. पुस्तकांतून जातीविषयी जे शिकलो, त्यापेक्षा अधिक त्या सकाळी शिकलो. आज आपल्या शिबिरांत ही पाळी आहे काय? की आपणही ठेका देऊन मोकळे होतो?

म्हणून या अभ्यासवर्गापुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली : आपला मेळावा, मोर्चा किंवा शिबिर जेथे होईल तेथून शेवटचा कागद उचलल्यावाचून पुढाऱ्यांसह कोणीही हलू नये. भाषण करणाऱ्याने झाडू धरावा. याची सुरुवात माझ्यापासून व्हावी. दुसरी : राजूर रस्त्यावर फराळ वाटणाऱ्या मंडळांशी आपण आधी जाऊन बोलावे. टीका करायला नव्हे, मदत करायला. धुऊन वापरायचे पेले, पाण्याचे माठ, पळसाच्या पत्रावळी आणि प्रत्येक मांडवापुढे शंभर पावलांवर एक पोते. पत्रावळी लावणाऱ्या बायांचा गेलेला रोजगार त्यातून थोडा तरी परत येईल. तिसरी : रस्त्यालगतच्या ग्रामसभांनी ठराव करून जिल्हा परिषदेकडे फिरत्या शौचालयांची आणि दुसऱ्या दिवशीच्या सफाईच्या मजुरीची मागणी करावी. ती मजुरी मागायला संकोच नको; ती भीक नाही, केलेल्या कामाचा दाम आहे. चौथी : बाटल्या व पुड्यांवरील अनामतीची मागणी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घालावी.

यातून समाजवाद येईल, असे मी म्हणत नाही. परंतु जो पक्ष आपल्या सभेनंतरचे मैदान दुसऱ्याच्या मुलांकडून झाडून घेतो, त्याच्या तोंडून निघालेल्या समाजवादावर त्या मुलांनी विश्वास का ठेवावा?

अंगारकी वर्षातून फार तर दोन-तीनदा येते. पुढच्या अंगारकीनंतरच्या बुधवारी सकाळी सहा वाजता मी भावाच्या शेतावर असेन. पोती मी आणीन. ज्यांना जमेल त्यांनी यावे.